वाऱ्याचा डोळा

डॅनिश भाषेत खिडकीला ‘व्हिंडू’ म्हणतात. शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आलेला, अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. इंग्रजीतली ‘विंडो’ही त्याच घरची. आपल्याकडे गवाक्षात गाईचा डोळा आहे आणि वातायनात वारा; डेन्मार्ककरांनी दोन्ही एकाच शब्दात बसवले.

चित्रात खिडकी पूर्वीही असायची, पण कामापुरती. डच चित्रकार व्हर्मीरकडे ती उजेड आत घ्यायला असते; बाहेर काय चाललंय, याचा पत्ता तो लागू देत नाही. खिडकी हाच चित्राचा विषय केला तो कास्पार डेव्हिड फ्रीडरिशनं, 1805-06 च्या सुमारास. ड्रेस्डेनमधल्या आपल्या चित्रशाळेच्या दोन खिडक्या त्यानं तपकिरी सेपिया शाईत रंगवल्या. बाहेर एल्ब नदी. फ्रीडरिश जर्मन, पण शिकला कोपनहेगनच्या कला अकादमीत.

त्याच अकादमीत पुढे मार्टिनस रॉर्ब्यू आला. आईवडिलांच्या घरी राहत असताना, 1825 च्या सुमारास त्यानं ‘चित्रकाराच्या खिडकीतून दिसणारं दृश्य’ रंगवलं. जेमतेम 38 सेंटिमीटर उंच आणि 30 रुंद, भिंतीवरच्या कॅलेंडरएवढं. खिडकी उघडी. कट्ट्यावर कुंड्या, त्यांत हायड्रेंजियाही. वर टांगलेला पक्ष्याचा पिंजरा. कुंड्यांच्या सोबतीला प्लॅस्टरचं एक पाऊल. अकादमीतली पोरं असल्या साच्यांवरूनच माणसाचं अंग काढायला शिकत, म्हणजे हा घरी आणलेला अभ्यासच. आणि या सगळ्यापलीकडे नौदलाची गोदी, जहाजांच्या डोलकाठ्या.

या डोलकाठ्या साध्या नाहीत. 1807 मध्ये इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या आणि डेन्मार्कचं अख्खं आरमार ओढून नेलं. 1813 मध्ये सरकारचं दिवाळं निघालं, 1814 मध्ये नॉर्वे हातचा गेला. रॉर्ब्यूचा जन्म नॉर्वेतला; नॉर्वे हातचा गेल्यानंतरच त्याचं कुटुंब कोपनहेगनला आलं. जुनं आरमार गेल्यामुळे समोरची जहाजं म्हणजे देशानं नव्यानं मांडलेला संसार. अभ्यासक या चित्रात पिंजरा म्हणजे घर, जहाज म्हणजे परदेशाची ओढ, असं वाचतात. चुकीचं नाही, रॉर्ब्यू खरोखरच पुढे रोम, अथेन्स, कॉन्स्टॅन्टिनोपलपर्यंत हिंडला. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्याची नजर. कुंडीतल्या पानाला आणि युद्धनौकेला त्यानं सारखाच वेळ दिला आहे. हे वळण त्याचे गुरू एकर्सबर्ग यांचं: समोर आहे ते नीट बघा, मग काढा.

तीन पिढ्यांनंतर, त्याच शहरात विल्हेल्म हामर्सहॉयनं 1900 मध्ये स्ट्रँडगेड रस्त्यावरच्या आपल्या घरातली एक खोली रंगवली. तावदानांतून ऊन तिरपं आत येतंय, त्यात धूळ तरंगतेय. कुंडी नाही, पिंजरा नाही, माणूस नाही. आणि खिडकी बंद.