झेंडे बदलले, माणसं तीच

मार्च २०२० मध्ये काँग्रेसच्या बावीस आमदारांनी राजीनामे दिले आणि कमलनाथांचं सरकार कोसळलं, तेव्हा आमच्या ग्वाल्हेरात कुणी फारसं दचकलं नाही. भाजी निवडता निवडता जाऊबाई म्हणाल्या, "महालाला हे नवं आहे का?" त्यांच्या मनात १९६७ साल होतं.

राजमाता विजयाराजे शिंदे १९५७ आणि १९६२ मध्ये काँग्रेसकडूनच लोकसभेवर गेल्या होत्या. पुढे मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्रांशी बिनसलं, १९६७च्या निवडणुकीआधीच त्यांनी पक्ष सोडला आणि नव्या निशाणीवर लोकांसमोर गेल्या. त्यात मला काही वावगं दिसत नाही. पटलं नाही, सोडलं, कौल मागितला. पण त्याच जुलैत काँग्रेसचे छत्तीस आमदार फुटून त्यांच्या बाजूला आले, ते मात्र कुणालाही न विचारता. मतं काँग्रेसच्या नावावर घेतलेली, आणि गोविंदनारायण सिंह मुख्यमंत्री झाले संयुक्त विधायक दलाचे! १९६९ साली तेच गोविंदनारायण परत काँग्रेसमध्ये. त्यांच्यानंतर आलेले राजा नरेशचंद्र सिंह जेमतेम तेरा दिवस टिकले. आलेला माणूस जातोही, हे महालालाही तेव्हा कळलं असेल.

न दिलेलं घेणं म्हणजे अदत्तादान, हे आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ असतं. मत एका कामासाठी दिलेलं, ते दुसऱ्याच कामाला वापरलं तर त्याला काय म्हणायचं?

१९८५ मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला. त्यातली एक-तृतीयांश फुटीची पळवाट २००३ मध्ये बुजवली. मग नवी वाट निघाली, आमदारकीच सोडायची. २०२० मध्ये तेच झालं. काहीजण आमदार नसतानाच मंत्री झाले. तरी एवढं मान्य करायला हवं की १९६७च्या मंडळींपेक्षा हे बरे; हे निदान मतदारांच्या दारात परत आले.

आणि काय आले! ३ नोव्हेंबरला, दिवाळीची साफसफाई अर्धी टाकून, तोंडाला मास्क लावून मी मतदानाला गेले. ग्वाल्हेर पूर्वमध्ये २०१८ साली मुन्नालाल गोयल काँग्रेसचे आणि सतीश सिकरवार भाजपचे होते. आता गोयल भाजपचे, सिकरवार काँग्रेसचे. माणसं तीच, झेंड्यांची अदलाबदल. दोन्ही वेळा काँग्रेस जिंकली. म्हणजे २०१८ला हरलेले सिकरवार निवडून आले आणि जिंकलेले गोयल पडले. आता सांगा, आमच्या मतदारसंघानं पक्षांतराला शिक्षा केली की बक्षीस दिलं? मी अजून ठरवू शकलेले नाही.

डबऱ्याचं प्रकरण आणखी निराळं. इमरतीदेवी कमलनाथांच्या मंत्रिमंडळात महिला व बालविकास मंत्री होत्या, शिवराजसिंहांच्या मंत्रिमंडळातही त्याच खात्याच्या झाल्या. प्रचारात कमलनाथांनी त्यांना 'आयटम' म्हटलं. पक्षांतर पुरुषांनीही केलं होतं, त्यांना तो शब्द कुणी लावला नाही. त्या संतापात मला वाटलं होतं, डबऱ्याच्या बायका बाईंनाच निवडून देणार. पण काँग्रेसचे सुरेश राजे जिंकले, नात्यानं बाईंचे व्याहीच. शिव्या देणाऱ्याचा राग आणि पक्ष सोडणाऱ्याचा राग डबऱ्यानं वेगवेगळा ठेवला होता. निकाल ऐकून जाऊबाईंनी एवढंच विचारलं, "आता दिवाळीला दोघं एकमेकांकडे फराळाला जाणार का गं?"