गोव्याचा आर्चबिशप गव्हर्नर : आलेशु द मेनेझेस

धाराशिव जिल्ह्यातील जुनी दप्तरे धुंडाळणाऱ्यास गोव्याच्या आर्चबिशपाशी काय कर्तव्य, असे वाचक विचारतील. व ते वाजवीच आहे. परंतु इ. स. १६०० त अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबराने दुसऱ्या मूर्तझा निजामशहास परंड्यास तख्तावर बसविले, आणि पुढे काही वर्षे निजामशाहीची गादी याच जिल्ह्यात होती. नळदुर्ग तर दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाचा मातबर किल्ला. तेथील पाणीमहाल १६१३ सालचा मानितात. या दोन्ही दरबारांचा समुद्राकडील शेजारी एकच, तो फिरंगी. निजामशाही मुलूख चौलाजवळ त्यास भिडे, व आदिलशाही प्रत्यक्ष गोव्यास. परंडे व नळदुर्ग येथील कारभाऱ्यांनी १६०७ पासून १६०९ पर्यंत गोव्याच्या सरकाराशी काही बोलणे लाविले असल्यास ते ज्याच्यापुढे जाई, तो सेनापति नव्हता, सरदारही नव्हता. तो आगुस्तिनी पंथाचा एक संन्यासी होता.

आलेशु द मेनेझेस याचा जन्म १५५९ त लिस्बन येथे झाला. बाप बडा मानकरी, बालराजा सेबास्तियन याचा शिक्षक. अशा घरच्या मुलाने दरबारात जावयाचे. हा मठात गेला. तथापि मठात गेल्याने दरबार सुटतो ही आपल्याकडील समजूत त्या काळच्या पोर्तुगालास लागू करू नये. तेथे कार्डिनल हेन्रिक याने अल्पवयी राजाच्या नावाने कारभार केला, व सेबास्तियन आफ्रिकेतील लढाईत पडल्यावर १५७८ पासून १५८० पर्यंत तो स्वतः राजा होता. त्यानंतर पोर्तुगाल स्पेनच्या दुसऱ्या फिलिपाकडे गेले, तेव्हा लिस्बनास त्याचा विजरई म्हणून बसला तोही कार्डिनलच, ऑस्ट्रियाचा आल्बर्ट.

याचे मूळ एका व्यवस्थेत आहे. पोपाने पोर्तुगालच्या राजास समुद्रापलीकडील ख्रिस्ती देवळांचे पालकत्व दिले होते. बिशप कोण व्हावा हे राजा सुचवी, त्याची नेमणूक राजाच्या खजिन्यातून चाले, आणि तो राजाच्याच जहाजातून येई. १५९५ त फिलिपाने मेनेझेस यास गोव्याचा आर्चबिशप केले, तेव्हा गोव्यास धर्मगुरु आला तसा राजाचा एक नोकरही आला. हीच गोष्ट त्याच्या पुढील सर्व उत्कर्षाची किल्ली आहे, असे आमचे मत आहे.

गोव्यात त्याने काय केले याचा विस्तार येथे करीत नाही. १६०६ त प्रांतिक धर्मसभा भरविली, त्याच साली स्त्रियांसाठी सांता मोनिका हा मठ स्थापिला. परंतु एका प्रकरणापाशी हस्तलिखितांच्या संग्राहकांनी थांबलेच पाहिजे. केरळातील जुन्या सुरियानी ख्रिस्ती समाजाचा बिशप १५९७ त वारला. ती संधि साधून मेनेझेस स्वतः मलबारात उतरला, व जून १५९९ त उदयंपेरूर येथे सभा भरवून त्याने त्या समाजास रोमच्या शिस्तीत आणविले. त्या सभेने सुरियानी ग्रंथांची नावे घेऊन त्यांस दोषी ठरविले; पुष्कळ पोथ्या शुद्ध करविल्या व पुष्कळ जाळविल्या. एका समाजाची शतकांची लेखनपरंपरा अशी काही महिन्यांत उणी झाली. ज्यांनी कसरीच्या तोंडून एकेक पान सोडविले आहे, त्यांस हे वाचून काय वाटेल ते लिहिण्याची गरज नाही.

आणि नवल असे की, ज्या १५९५ साली हा गृहस्थ गोव्यास नेमला गेला, त्याच साली राजाने गोव्याचे दप्तरखाने उभारण्याचे काम इतिहासकार दियोगु द कौतु याजकडे सोपविले. परक्याच्या पोथ्या अग्नीस आणि स्वतःची चिठ्ठीचपाटी कुलपात, असा तो न्याय होता. तरी त्या कुलपामुळेच पुढे पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्यांस मराठ्यांच्या इतिहासाची साधने तेथून काढिता आली, हेही सांगितले पाहिजे.

आता सत्ता हाती कशी आली ते पाहू. हिंदुस्थानातील फिरंगी सरकारात विजरई मेला तर पुढे कोण, याची नावे राजा आधीच मोहोरबंद लखोट्यांत घालून पाठवी. प्रसंग पडताच ते लखोटे क्रमाने फोडावयाचे. विजरई मार्तीं आफोंसु द काश्त्रु हा १६०६ त डचांच्या वेढ्यातून मलाक्का सोडविण्यास गेला, तो १६०७ त तिकडेच वारला. तो दूर असता गोव्याचा कारभार आर्चबिशप पाहतच होता. आता तो गव्हर्नर झाला. परंड्यास मलिक अंबर, एक विकला गेलेला हबशी, सैन्य जमवून व शहजादा पुढे करून राज्याचा धनी झाला होता. गोव्यास धर्मगुरूस एक कागद पुरला. मात्र अंबराचे सामर्थ्य त्याचे स्वतःचे होते, मेनेझेसचे लिस्बनच्या पुढच्या गलबतापर्यंतचे.

त्याची दोन वर्षे सुखाची गेली नाहीत. डचांनी १६०७ व १६०८ या लागोपाठच्या सालांत मोझांबिकास वेढा दिला, व तो किल्ला थोडक्यात वाचला. त्यास बदलून नेमलेला विजरई फेयराचा कौंट वाटेतच वारला. शेवटी १६०९ त त्याने कारभार आंद्रे फुर्तादु द मेंदोंसा याच्या हवाली केला. १६०० त कुंजाली मरक्काराचा पाडाव करणारा तो हाच सेनापति.

या अंमलातील एक विसंगति आम्हांस फार बोलकी वाटते. दाभोळ, चौल येथून निघणाऱ्या जहाजांस फिरंग्यांचा परवाना लागे. त्यास ते कार्ताझ म्हणत. हजला जाणारी जहाजेही त्यातून सुटत नसत. म्हणजे ज्याने जुन्या ख्रिस्ती लोकांचे ग्रंथ पाखंड म्हणून जाळविले, त्याच्याच सरकारच्या परवान्यावर दक्षिणेतील मुसलमान मक्केस जात होते. जकातीपुढे पाखंडाचा विचार मागे पडे.

पुढे तो युरोपात परतला, १६१२ त ब्रागाचा आर्चबिशप झाला, १६१४ त पोर्तुगालचा विजरई, आणि माद्रिदेस पोर्तुगालच्या राजसभेचा अध्यक्ष असता १६१७ त मरण पावला. रिशल्यू फ्रान्सच्या राजसभेत मुख्य झाला तो यानंतर सात वर्षांनी.

ब्रागाच्या सार्वजनिक ग्रंथालयात रामायण-महाभारतातील कथांची रोमन लिपीत उतरलेली कोंकणी व मराठी हस्तलिखिते आहेत. ब्रागा हे नाव दोहोंकडे पाहून त्यांचा संबंध मेनेझेसशी जोडण्याचा मोह होईल. तो आवरावा, ती जेझुइटांच्या अभ्यासातील बाडे होत, आणि हा आगुस्तिनी.

संग्राहकांस एक सूचना. मराठी कागदांत गोव्याच्या मुख्यास सरसकट ‘विजरई’ लिहितात. शके १५२९ ते १५३१, म्हणजे शुहूर समान अलफ व तिसा अलफ, या सुमारास गोव्यास विजरई नव्हता, गव्हर्नर होता. केवळ या शब्दावरून कागद बनावट ठरवू नये, कारण लेखकाची सवय ढिली असते. परंतु त्या सालांच्या फारसी वा मोडी कागदात फिरंग्यांच्या मुख्याबरोबर ‘पादरी’ हा शब्द आढळल्यास तो कागद बाजूस काढून ठेवावा व आम्हांस कळवावा.