खानदेशची लिहिती मुले

आपल्या मंडळात दोन तक्रारी वरचेवर कानी येतात. एक मोठ्याने केली जाते: मुले हल्ली काही वाचीत म्हणून नाहीत. दुसरी जरा दबक्या आवाजात: मुलगी दहावीला आहे आणि वहीच्या मागच्या पानांवर कविता करीत बसते! या दोन्ही तक्रारी करणारी आई पुष्कळदा एकच असते, याची मला मोठी गंमत वाटते. म्हणून चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी ‘जुन्या काळचे काहीतरी’ लिहायला सांगितले, तेव्हा आपल्याच खानदेशातल्या लिहित्या मुलांविषयी लिहावे असे ठरविले. भगिनींनो, यात नवे शोध नाहीत. बहुतेक गोष्टी तुम्हांला ठाऊक असतील; मी त्या फक्त एकमेकींशेजारी मांडून पाहिल्या आहेत.

धरणगावला 1890 साली जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाचे वडील पोलीस खात्यात होते. बदल्यांमुळे बिऱ्हाड सारखे हलत असे. मात्र घरात जिजी नावाची मोठी बहीण होती. तिला आईने लिहायला-वाचायला शिकविले होते, आणि या धाकट्या भावाला काव्याची पहिली गोडी तिनेच लावली. त्या काळी आईने मुलीला अक्षर शिकविणे ही केवढी गोष्ट! बालकवींच्या चरित्रात या दोघींना दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, ती का, हे मला अजून कळलेले नाही.

1907 साली जळगावास पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे पेशाने डॉक्टर आणि व्यासंगाने वनस्पतिशास्त्रज्ञ. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर त्यांनी केलेला ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाती असतो. पानाफुलांची अशी पारख असलेल्या माणसापुढे हा सतरा वर्षांचा पोरगा कविता म्हणायला उभा राहिला, आणि डॉक्टरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. जाणत्यांच्या सभेत पोराला उभे राहू दिले आणि त्याचे शेवटपर्यंत ऐकून घेतले, हे मला पदवीहूनही महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे पाहुण्यांसमोर मुलाला ‘म्हण रे’ म्हणतात आणि दुसऱ्या कडव्याला चहाचे विचारतात!

पुढे अहमदनगरला रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरी बालकवी राहिले. लक्ष्मीबाई टिळकांनी त्यांच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली, आणि ‘स्मृतिचित्रां’त ठोमरे येतात तेही घरचा मुलगा म्हणूनच. लक्ष्मीबाई स्वतः वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पुरे केले. हे सारे त्या घरात घडत होते, आणि कवितावेड्या पोराला दोन वेळचे जेवणही त्याच घरात मिळत होते. 1918 साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस. एवढ्या थोड्या आयुष्यात मराठीला त्यांनी काय दिले ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट अमळनेरची. साने गुरुजी 1924 साली तेथील शाळेत शिक्षक झाले आणि वसतिगृहाचे कामही त्यांच्याकडे आले. तेथे मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक काढीत, आणि तेही हस्तलिखित! छापखाना नाही, वर्गणी नाही. सकाळी उठून मुलांनी वाचावे म्हणून एक शिक्षक रोज हाताने पाने लिहून काढतो. त्यातूनच पुढे 1928 साली ‘विद्यार्थी’ मासिक निघाले. ‘वाचा, वाचा’ असा उपदेश फुकट असतो. गुरुजींनी मुलांना वाचायला काही दिले, आणि तेही ताजे. 1930 साली ते सत्याग्रहात गेले. 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकाची मांडणी आठवून पाहा: रोज रात्री श्याम सांगतो आणि भोवतालचे मित्र ऐकतात, अशा बेचाळीस रात्री. ऐकणारे आहेत म्हणून सांगणारा सांगतो आहे.

पण यात मुली कोठे आहेत? पुण्याला जोतिराव व सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि 1855 साली तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. वाचताना आजही अंगावर काटा येतो. मात्र तो एक निबंध सोडला तर तिच्या हातचे काही आपल्यापर्यंत आलेले नाही.

आणि आपल्या जळगावचे काय? 1907 साली येथे कविसंमेलन भरले, तेव्हा याच गावात बहिणाबाई चौधरी नांदत होत्या. वय सत्तावीस. तेराव्या वर्षी असोद्याहून लग्न होऊन आलेल्या, अक्षरओळख नाही; घरात नि शेतात काम करता करता ओव्या रचायच्या. संमेलनाच्या मांडवापासून त्यांचे घर असे किती लांब असेल! पुढे सोपानदेवांनी आणि एका नातलगाने त्यातल्या काही उतरवून घेतल्या, म्हणून उरल्या. 1951 साली बहिणाबाई गेल्या आणि पुस्तक निघाले 1952 साली. ज्या उतरल्या नाहीत त्या गेल्या. ही गोष्ट मनात आली की वहीच्या मागच्या पानांवर रागावणाऱ्या आईपुढे मला गप्प बसवत नाही.

दर पंधरवड्याला आपल्या गल्लीतील मुलामुलींचे एक हस्तलिखित मंडळाच्या खोलीत लावावे, असे मी कार्यकारिणीपुढे मांडले आहे. कविता, गोष्ट, जे असेल ते. मोबाईलवर लिहिले असेल तर कागदावर उतरवून आणावे. शुद्धलेखन तपासूनच लावावे असे काही भगिनींचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. लाल शाईने भरलेले पान लावले, तर दुसऱ्या खेपेला पान येणारच नाही. खोलीच्या उत्तरेकडील भिंतीवर जुने कॅलेंडर आहे, ते काढले की जागा होते. पहिल्या अंकासाठी चार मुलींनी आणि एका मुलाने नावे दिली आहेत. त्यांतल्या एकीने नाव न घालण्याची अट घातली आहे, ती मी मान्य केली.