बाबासाहेबांचं दुसरं लग्न आणि आपली कुजबूज

गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या एका निवृत्त मास्तरांनी रजिस्टर लग्न केलं. वय बासष्ट. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. नवरीही पन्नाशी ओलांडलेली. झालं, चहाच्या टपरीपासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत एकच विषय. "या वयात कशाला?" "मुलांना काय वाटलं असेल?" एकाने तर लिहिलं, "आपल्या महापुरुषांनी असलं काही केलं नाही." हे वाचलं आणि म्हटलं, आता लिहायलाच हवं.

केलं होतं. आणि कुजबूज तेव्हाही अशीच झाली होती, याच्या शंभरपट.

रमाईंपासून सुरुवात करतो, कारण त्यांच्याशिवाय पुढचं कळत नाही. दापोलीजवळच्या वणंदची ही मुलगी. लग्न लहानपणीच झालं, भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर. नवरा शिकायला परदेशात आणि ही इथे पै पै जोडत संसार ओढतेय. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न अशी चार लेकरं डोळ्यांदेखत गेली. उरला तो एकटा यशवंत. दादरला 'राजगृह' उभं राहिलं, जरा बरे दिवस दिसू लागले, तोवर शरीर पार थकलं होतं. २७ मे १९३५ ला त्या गेल्या. बाबासाहेब तेव्हा ४४ वर्षांचे होते.

पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हे पुस्तक त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केलं. फाळणीवरचं, आकडेवारीने आणि नकाशांनी भरलेलं राजकीय पुस्तक, आणि अर्पणपत्रिकेत नाव काय, तर 'रामू'. घरात हाक मारायचे तेच. तिचं मोठं मन, तिचं चारित्र्य आणि हालअपेष्टांच्या दिवसांत तिने दिलेली साथ, हे सगळं त्यात त्यांनी लिहिलंय. पुन्हा लग्न करायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

तेरा वर्षं ते एकटे राहिले. एकटे म्हणजे माणसांच्या गराड्यात, पण घरी एकटे. या तेरा वर्षांत येवल्याची घोषणा झाली, स्वतंत्र मजूर पक्ष झाला, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळून झालं, सिद्धार्थ कॉलेज उभं राहिलं, आणि ऑगस्ट १९४७ मध्ये मसुदा समितीचं अध्यक्षपद आलं. शरीर मात्र याचा हिशोब मागत होतं. मधुमेह, पायांत असह्य कळा, रात्र रात्र झोप नाही. ज्या महिन्यांत घटनेचा मसुदा तयार होत होता, त्याच महिन्यांतली ही गोष्ट. आपण घटना लिहिणारा हात बघतो, ठणकणारे पाय कुणाला दिसत नाहीत.

डॉ. शारदा कबीर यांची आणि त्यांची पहिली ओळख पार्ल्यात एका परिचितांच्या घरी झाली. शारदाबाई ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एमबीबीएस. सारस्वत ब्राह्मण कुटुंब, मूळ रत्नागिरी जिल्ह्यातलं. (गंमत बघा, आंबडवे, वणंद आणि कबीरांचं गाव, तिन्ही कोकणातलीच.) गिरगावात डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात त्या काम करायच्या आणि बाबासाहेब तिथे उपचारांसाठी यायचे. सांभाळायला घरी कुणीतरी हवं, हा सल्ला डॉक्टरांचाच. मार्च १९४८ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून आपला बेत कळवला. त्यात लग्न न करण्याचा आपला जुना निश्चयही लपवला नाही आणि तब्येतीमुळे तो मोडावा लागतोय हेही लपवलं नाही. शिकलेली, डॉक्टरकी जाणणारी आणि स्वयंपाक येणारी बाई हवी, असा सरळ व्यवहार.

आता कुणी म्हणेल, मग हे प्रेम कुठे, ही तर नर्सिंगची सोय. मला तसं वाटत नाही. या काळातल्या पत्रांत ते शारदाबाईंना 'शारू' म्हणतात. जो माणूस 'रामू' म्हणायचा तोच 'शारू' म्हणतोय. साठीकडे झुकलेल्या, दुखण्याने बेजार झालेल्या माणसाचं प्रेम इन्सुलिनच्या सुईतून आणि पथ्याच्या ताटातूनच येणार, ते काही चौपाटीवरून यायचं नाही.

१५ एप्रिल १९४८, दिल्ली. राहत्या घरी नोंदणी पद्धतीने लग्न झालं, मोजक्या माणसांत. आदल्याच दिवशी नवरदेवाला ५७ वर्षं पूर्ण झालेली, नवरी ३९ वर्षांची. शारदाबाई सविता झाल्या, पुढे माईसाहेब. सरदार पटेलांनी अभिनंदनाच्या पत्रात लिहिलं की, बापू असते तर त्यांनी आशीर्वाद दिले असते. गांधींशी आयुष्यभर भांडलेल्या बाबासाहेबांनी ते मान्य केलं.

आता रागाचं बोलू. विधुराने लग्न करणं ही महाराष्ट्रात कधी बातमीच नव्हती. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाच्या चळवळीतले, पण १८७३ मध्ये पहिली पत्नी गेल्यावर वडिलांच्या आग्रहाखातर काही आठवड्यांतच अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. सुधारकांनी टीका केली, गाव शांत राहिलं. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे या विधुराने गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा मात्र मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. म्हणजे गाव कशावर चिडतं? पुरुषाने दुसरं लग्न केलं म्हणून कधीच नाही. कुणाशी केलं, यावर चिडतं.

१९४८ मध्येही तेच. सवर्णांना ब्राह्मण मुलीने तिकडे जाणं खुपलं. आपल्या माणसांपैकी कित्येकांना वाटलं की ही ब्राह्मणीण साहेबांच्या घरात घुसली. दुसरी भावना कुठून आली हे मला कळतं, ज्यांना हजारो वर्षं विहिरीवर जाऊ दिलं नाही त्यांनी संशय घ्यायचा नाही तर कुणी घ्यायचा? पण तो संशय एका बाईच्या वाट्याला किती वर्षं आला ते बघा.

आठ वर्षांचा संसार. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात महास्थवीर चंद्रमणींकडून दोघांनी सोबतच धम्मदीक्षा घेतली. दोन महिनेही झाले नाहीत आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. माईसाहेब तेव्हा ४७ वर्षांच्या. त्यांच्यावर थेट घातपाताचा आरोप झाला. चौकशी झाली, मृत्यू नैसर्गिकच निघाला. तरी लोक बोलायचे थांबले नाहीत. चळवळीपासून त्या लांब पडल्या, दिल्लीकडे एकट्या राहिल्या. सत्तरच्या दशकात पँथरच्या पिढीतली पोरं त्यांना शोधत गेली आणि पुन्हा लोकांत घेऊन आली.

१४ एप्रिल १९९० ला राष्ट्रपती भवनात बाबासाहेबांचं मरणोत्तर भारतरत्न स्वीकारलं ते ८१ वर्षांच्या माईसाहेबांनी. त्याच सुमारास 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे त्यांचं आत्मकथन आलं. २००३ मध्ये मुंबईत त्या वारल्या. आठ वर्षं पत्नी, सेहेचाळीस वर्षं विधवा. त्यांनी पुन्हा कुणाचा विचार करावा, असं या सेहेचाळीस वर्षांत कुणी त्यांना म्हटलं असेल असं मला वाटत नाही. आणि आपल्या टपरीवर मास्तरांचा विषय निघाला तेव्हासुद्धा त्यांच्या नव्या बायकोबद्दल जे शब्द वापरले गेले ते मास्तरांबद्दल नाही वापरले, हेही ऐकलंय मी.

एक शेवटचं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ मध्ये एक प्रस्तावना लिहिली होती. आजारपणात मला जगवलं, ग्रंथ पुरा करण्याइतकं आयुष्य दिलं, ते माझी पत्नी आणि डॉ. मालवणकर यांनी, असं त्यात त्यांनी कृतज्ञतेने नोंदवलंय. ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात, छापून आला. त्यात ती प्रस्तावना नव्हती.