किल्ली कोणाच्या हाती? : बडोद्याच्या वाचनालय-चळवळीचा एक धडा



ज्या शाळेत मी मुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेने सत्तरी उलटल्यावर मला व्याख्यानासाठी उभे करावे, हा मी माझा बहुमान समजतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या नावावर एकही ग्रंथ नाही. त्यांनी संस्था काढली नाही, की कधी कोणत्या सभेचे अध्यक्षपद भूषविले नाही. मात्र दर शनिवारी शाळा सुटल्यावर ते आपल्या हाताने वाचनालयाचे कुलूप उघडीत आणि दोन तास पुस्तकांची देवघेव करीत. त्यांच्याजवळ दोन वह्या असत. एकीत दिलेल्या पुस्तकांची नोंद असे. दुसरीवर त्यांनी ‘न मिळालेली पुस्तके’ असे लिहिले होते. एखाद्या मुलाने मागितलेले पुस्तक कपाटात नसले, की त्याचे नाव या दुसऱ्या वहीत जाई. चार पैसे हाती आले म्हणजे गुरुजी प्रथम ती वही उघडीत. या कामाचा वेगळा पगार त्यांना मिळत नव्हता.

समाजासाठी काहीतरी करावे असे अनेकांना वाटते, पण काय करावे, आणि जे करू त्यात आपले मन रमेल काय, हा प्रश्न त्यांना अडवितो. निवृत्त झालेले माझे अनेक मित्र मला हेच विचारतात. या प्रश्नाचे उत्तर मी उपदेशाने देऊ इच्छीत नाही. आपल्या बडोद्याच्या इतिहासातच ते सापडते, अशी माझी समजूत आहे.

बडोद्याच्या वाचनालयांचा विषय निघाला, की आपण श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव घेतो आणि थांबतो. महाराजांचे ऋण मोठे आहेच. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्याला लागू केला. परंतु शाळेत शिकलेली अक्षरे शाळा सुटल्यावर पुसली जातात, हेही लवकरच ध्यानात आले. शेतकऱ्याच्या मुलाने चार वर्षे शिकून नांगर धरला आणि पुढे त्याच्या हाती छापील कागद आलाच नाही, तर त्याच्या शिक्षणावर झालेला खर्च मातीत गेला म्हणायचा. म्हणून शाळेच्या पाठोपाठ वाचनालय हवे, असा विचार पुढे आला. अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम अॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. आपला खासगी ग्रंथसंग्रह देऊन त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला. १९११ साली येथे ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती गावोगाव पाठविण्याची फिरत्या वाचनालयांची व्यवस्थाही याच सुमारास उभी राहिली. ‘लायब्ररी मिसेलनी’ हे या खात्याचे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी या तीन भाषांतून निघत असे. बोर्डन १९१३ साली परत गेले, पण त्यांनी घालून दिलेली घडी मोडली नाही.

एवढा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. परंतु बोर्डन येण्यापूर्वीच या कामाला हात घालणारा एक शाळामास्तर या राज्यात होता, हे आपण मराठी मंडळी सहसा सांगत नाही. मोतीभाई अमीन (१८७३–१९३९) हे चरोतरातील वसो गावचे. विद्यार्थिदशेतच सोबत्यांना हाताशी धरून त्यांनी गावात वाचनालय काढले होते. पुढे ते शिक्षक झाले आणि १९०६ साली त्यांनी ‘मित्रमंडळ’ या नावाने गावोगाव वाचनालये उघडण्यास आरंभ केला. त्यांच्या हाती ना सत्ता होती ना खजिना. विद्यार्थी, सहकारी शिक्षक आणि गावातील चार वाचणारी माणसे एवढेच त्यांचे भांडवल होते. बोर्डन यांच्या योजनेत पुढे राज्याने मोतीभाईंना सामावून घेतले आणि खेड्यांतील वाचनालयांचे काम त्यांच्याकडे दिले. म्हणजे ज्याला आपण राजाश्रय म्हणतो, त्याच्या मुळाशी एका शिक्षकाने फावल्या वेळात केलेले काम होते. महाराजांचे मोठेपण असे, की त्यांनी ते ओळखले.

राज्याच्या योजनेतील एक नियम मला विशेष महत्त्वाचा वाटतो. वाचनालयासाठी गावाने वर्षाला जेवढी रक्कम उभी करावी, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने घालावी. खेड्यासाठी या रकमेची मर्यादा १०० रुपये होती. एक हिस्सा गावाचा, दोन हिस्से बाहेरचे. पण पहिले पाऊल गावाचेच! गावाने वर्गणी जमविली नाही, तर सरकारचा रुपया जागचा हलत नसे. प्रथमदर्शनी हा जमाखर्चाचा नियम वाटतो. प्रत्यक्षात त्यात मनुष्यस्वभावाची खोल जाण आहे. ज्या कामात आपला रुपया आणि आपला घाम पडला, ते काम माणूस आपले म्हणतो. आयते आलेल्या कपाटाला तो ‘सरकारी कपाट’ म्हणतो.

हा धडा मी पुस्तकातून शिकलो नाही. तो शिकण्यासाठी मला एक कपाट वाळवीच्या स्वाधीन करावे लागले.

१९७८ साली मी नुकताच अध्यापक झालो होतो. अंगात उत्साह होता आणि वक्तृत्वाचा अभिमानही होता. मी व माझ्या मित्रांनी शहरात घरोघर फिरून पुस्तके गोळा केली, एक लोखंडी पट्ट्यांचे लाकडी कपाट विकत घेतले आणि डभोईच्या बाजूच्या एका खेड्यात वाचनालय स्थापन केले. हार झाले, नारळ फुटला, मी तासभर भाषण केले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि त्या मी जपून ठेवल्या. दीड वर्षाने काही कामानिमित्त त्याच गावी जाणे झाले. कपाट चावडीच्या कोपऱ्यात होते. किल्ली कोणाकडे आहे, हे कोणालाच सांगता येईना. शेवटी कुलूप तोडले, तेव्हा आत पुस्तकांच्या जागी मातीचे थर होते. एक म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “साहेब, तुम्ही आम्हांला विचारलं असतं, तर आम्ही आधी पोरांना संध्याकाळी बसायला दिवा मागितला असता.”

त्या रात्री मला झोप आली नाही. गावकऱ्यांनी पुस्तकांची कदर केली नाही, असे म्हणून मला सुटता आले असते, आणि काही दिवस मी तसे म्हणतही होतो. पण खरी गोष्ट अशी, की मी त्या गावाला काय हवे ते विचारलेच नव्हते. मला जे द्यावेसे वाटले ते मी देऊन आलो होतो, आणि देण्याचा आनंद त्या दिवशीच्या भाषणातच उपभोगून मोकळा झालो होतो. गुरुजींजवळची दुसरी वही माझ्याजवळ नव्हती.

या ठिकाणी आपल्या शहराच्या इतिहासातील एक कटू पान उलटले पाहिजे. ते गाळून केलेला गौरव अपुरा राहील. १९१७ सालच्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू होण्यासाठी या शहरात आले. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत शिकून आले होते. सक्तीचे शिक्षण देणाऱ्या, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या धाडणाऱ्या या राज्याच्या राजधानीत त्यांना राहावयास खोली मिळाली नाही. नाव लपवून ते एका पारशी उतारशाळेत राहिले. तेथूनही त्यांना हुसकावून लावण्यात आले. आसऱ्यासाठी त्यांनी मित्रांची दारे ठोठावली, ती उघडली नाहीत. कमाटीबागेत काही तास काढून ते मुंबईच्या गाडीत बसले.

वाचनालयांचे व्याख्यान सुरू असताना हा प्रसंग कशाला, असे कोणी विचारील. याचे कारण असे, की राज्याने कायदा करावा, पैसा द्यावा, इमारत बांधावी, पण दार उघडायचे की नाही, हे दाराशी बसलेला माणूस ठरवितो. त्या दिवशी या शहरात ग्रंथांची वाण नव्हती. वाण होती ती दार उघडणाऱ्या माणसाची. म्हणून सेवा करणाऱ्याने आपल्याकडे कितीजण आले याची नोंद ठेवावी, आणि कोण आले नाही व का आले नाही, याचीही ठेवावी.

पुढे काळ बदलला. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १ मे १९६० रोजी गुजरात राज्य स्थापन झाले. मराठीला येथे असलेला दरबारी आधार गेला. त्याबद्दल मला तक्रार करावयाची नाही. ज्या भूमीने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या अन्न दिले, तिच्या भाषेचा मान राखणे आपले कर्तव्यच आहे. पण त्यानंतर या शहरात मराठी पुस्तक हाती पडत राहिले, याचे श्रेय मध्यवर्ती ग्रंथालयातील मराठी संग्रहाइतकेच गल्लोगल्लीच्या मंडळांतील त्या माणसांना आहे, ज्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. हीच परंपरा महाराष्ट्रातही आहे आणि महाराष्ट्राबाहेरही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे, मुंबईचे १८९८ सालचे, आणि निजामाच्या राजवटीत हैदराबादेत निघालेले १९२२ सालचे. राज्ये गेली, सीमा बदलल्या, तरी संध्याकाळी दार उघडणारा कोणीतरी होता म्हणून ही ग्रंथालये टिकली. साहित्य संमेलन बडोद्यात १९२१ साली झाले आणि २०१८ सालीही झाले. दोन्ही वेळा मांडव भरला असेल, पण मांडव उतरल्यानंतरचे काम मांडवातले लोक करीत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. असे काम शोधावे कसे?

वाळवीच्या त्या प्रसंगानंतर मी तीन गोष्टी पाळीत आलो. पहिली, आधी विचारावे. दुसरी, जेवढे निभेल तेवढेच पत्करावे, पण वार आणि वेळ चुकवू नये. आठवड्याचे दोन तास वीस वर्षे देणारा माणूस, एका महिन्यात दोनशे तास देऊन थकणाऱ्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो. तिसरी, आपल्याला जे येते आणि आवडते, त्यातूनच काम निवडावे. मला हिशेब जमत नाही, म्हणून मंडळाचे खजिनदारपद मी दोनदा नाकारले. मोडी वाचता येते, म्हणून रविवारी सकाळी मोडीचा वर्ग घेतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पणजोबांच्या काळची मोडी दप्तरे पडून आहेत. आपल्याच घरचा कागद आपल्याला वाचता आला, म्हणजे माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते पाहण्यासाठी मी जिने चढून येतो.

दर मंगळवारी मी आमच्या पेठेतील एका वृद्ध बाईंना वाचून दाखवितो. त्यांची दृष्टी गेली आहे. नातवंडे गुजराती आणि इंग्रजी उत्तम वाचतात, पण मराठीत अडखळतात. एकदा वाचता वाचता ‘वैल’ हा शब्द आला. चुलीच्या बाजूचे दुसरे तोंड, हा कोशातला अर्थ मला ठाऊक होता, आणि वर्गात तोच मी तीस वर्षे सांगितला होता. बाई म्हणाल्या, “अहो सर, वैलाला स्वतःचा जाळ नसतो, चुलीचीच धग लागते. म्हणून दूध तिथं ठेवायचं. उतू जात नाही.” डॉक्टरेट मिळवूनही हे मला कळले नव्हते. कोण कोणाला शिकवीत होते, हे त्या दिवसापासून मला नीट सांगता येत नाही. सेवेचा मोबदला विचाराल, तर तो हा.

मित्रहो, आमच्या पेठेतील वाचनालयाची किल्ली गेली अकरा वर्षे माझ्या खिशात आहे. गुडघे आता जिन्याला नाही म्हणू लागले आहेत. मागील पावसाळ्यात मी आजारी पडलो, तेव्हा वाचनालय तीन आठवडे बंद राहिले. वर्गणीदार होते, पुस्तके होती, निधीही होता. किल्ली घेणारे कोणी नव्हते. त्या तीन आठवड्यांत मला १९७८ सालचे ते कपाट रोज आठवे. एका माणसाच्या खिशात किल्ली ठेवून मी पुन्हा तीच चूक केली होती.

म्हणून आज येताना मी ती किल्ली बरोबर आणली आहे आणि तिच्या चार प्रती करून घेतल्या आहेत. कोणा एकाने सारा भार उचलावा, असे माझे मागणे नाही. चौघांनी आठवड्याची एकेक संध्याकाळ घ्यावी. व्याख्यान संपल्यावर मी या व्यासपीठाच्या पायरीशी बसणार आहे. माझ्याजवळ दोन वह्याही असतील. किल्ली घेणाऱ्याने आपले नाव आणि वार पहिल्या वहीत लिहावा. ज्यांना हे काम आपले वाटत नाही, त्यांनी आपल्या आळीत काय हवे आहे आणि मिळत नाही, ते दुसऱ्या वहीत लिहावे. गुरुजींचे स्मरण करण्याची याहून योग्य रीत मला सुचत नाही.