फाइलवरचं प्रश्नचिन्ह : ल्यूपसच्या निदानाची गोष्ट

आपाच्या फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी निळ्या पेनानं तीन इंग्रजी अक्षरं लिहून ठेवली आहेत. एस, एल, ई. त्यापुढे एक प्रश्नचिन्ह. सव्वा वर्षात फाइल जाड झाली, तिला रबर लावावा लागतो, पण ते प्रश्नचिन्ह जागचं हललेलं नाही.

एसएलई म्हणजे सिस्टेमिक ल्यूपस एरिथेमॅटोसस. रोगाशी लढणारी शरीराची यंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटते, असा हा आजार. कुणाचे सांधे धरतो, कुणाची त्वचा, कुणाच्या मूत्रपिंडाला हात घालतो. रुग्णांत दहापैकी जवळपास नऊ बायका, त्याही बहुतेक ऐन तरुण वयातल्या. आमच्या आपाचं वय चौतीस. कोंढव्यात राहते, दोन मुलं आहेत, घरीच शिवणकाम करते. बोटं सुजली की मशीन बंद. म्हणून प्रश्नचिन्ह काय असतं हे मला मशीनच्या आवाजावरून कळतं.

अम्मी एकदा डॉक्टरांसमोरच वैतागून म्हणाली, “बीमारी का नाम तो बता दो, बाकी अल्लाह मालिक.” डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “खाला, नाव सांगायला मला दोन मिनिटं लागतील. चुकीचं निघालं तर ते पुसायला दोन वर्षं लागतील.” ते वाक्य ऐकून मला डॉक्टरांचा राग आला होता. नंतर या आजाराचा इतिहास वाचत गेलो आणि तो थोडा निवळला. पूर्ण नाही.

ल्यूपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. चेहऱ्यावरची जखम लांडग्यानं लचका तोडल्यासारखी दिसते, म्हणून मध्ययुगीन युरोपात हे नाव पडलं. दहाव्या शतकातली एक नोंद नेहमी सांगितली जाते. लिएजचा एक बिशप या आजारानं गांजला होता आणि फ्रान्समधल्या तूर इथल्या संत मार्टिनच्या समाधीवर गेल्यावर बरा झाला. आपल्याकडे लोक दर्ग्यावर जातात, तसंच. त्या बिशपला नेमकं काय झालं होतं, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. चेहरा कुरतडणारं जे जे होतं, मग तो त्वचेचा क्षय असो, कर्करोग असो की आणखी काही, ते सगळं ‘लांडगा’ या एकाच पिंजऱ्यात कोंडलेलं होतं.

गंमत म्हणजे त्याच शतकाच्या सुरुवातीला मुस्लिम जगात एक हकीम नेमकं उलट काम करत होता. एका पिंजऱ्यातले दोन प्राणी वेगळे करण्याचं. रय शहरातला अबू बक्र अल-राझी. त्याचा इंतकाल ९२५च्या सुमाराचा. देवी आणि गोवर यांवर त्यानं स्वतंत्र किताब लिहिली आणि दोन्ही ताप वेगळे कसे ओळखायचे ते मांडलं. देवीत पाठदुखी जास्त, गोवरात बेचैनी आणि मळमळ जास्त, अशा बारकाव्यांनिशी. त्याचंच आणखी एक पुस्तक गॅलेन या ग्रीक वैद्यावरच्या शंकांचं आहे. नावातच ‘शुकूक’, म्हणजे शकचं अनेकवचन. ज्याला सगळे उस्ताद मानत, त्याच्यावर शंका घेण्याची हिंमत या माणसात होती. पुण्यात आझम कॅम्पसवर आज युनानी वैद्यकाचं कॉलेज आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना राझी माहीत असतोच. आपल्या घरांत मात्र हकीम म्हटलं की नाडी पाहून क्षणात रोग सांगणारा, हीच प्रतिमा. राझी क्षणात सांगणारा नव्हता.

लांडग्याच्या पिंजऱ्याची दारं उघडायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या काझनाव्ह यांनी १८५१ मध्ये ‘ल्यूपस एरिथेमॅटो’, म्हणजे लालसर ल्यूपस, हा प्रकार वेगळा मांडला. व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी गालांवरच्या चट्ट्याला फुलपाखराची उपमा दिली. पुढे १८७२ मध्ये त्यांचे जावई कापोशी यांनी सांगितलं की हा नुसता कातडीचा आजार नाही. ताप येतो, सांधे सुजतात, माणूस मरूही शकतो.

तरीही दोन ल्यूपस एकाच नावानं वावरत राहिले. एक क्षयाच्या जंतूमुळे होणारा, दुसरा हा. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला १९०३ चं नोबेल मिळालं ते पहिल्या ल्यूपसवर प्रकाशकिरणांनी उपचार केल्याबद्दल. दुसऱ्या ल्यूपसला मात्र ऊन म्हणजे जहर. आडनाव एकच, आणि एकाची दवा ती दुसऱ्याची दुखापत. आमच्या एका नातेवाईक बाईनं आपाला सल्ला दिला होता की बुरख्यामुळे ऊन मिळत नाही, म्हणून हाडं दुखतात, रोज गच्चीवर बस. ड जीवनसत्त्वाबद्दल त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आपा आठ दिवस बसली. नवव्या दिवशी गालांवर लाली आली. ती उन्हाची होती की फुलपाखराची, यावर आजही घरात दोन मतं आहेत. फोटो कुणी काढला नाही. डॉक्टर अजून तो फोटो मागतात.

या इतिहासातला सर्वात वाईट भाग बायकांच्या अब्रूचा आहे. १९०६ मध्ये वासरमान यांची रक्तचाचणी आली. ती सिफिलिस, म्हणजे गरमी, ओळखण्यासाठी होती. ल्यूपसच्या काही रुग्णांत ही चाचणी खोटीच पॉझिटिव्ह येते. हे पुरतं उमगेपर्यंत अनेक दशकं गेली. अमेरिकेत मूर आणि लुट्झ यांनी अशा खोट्या पॉझिटिव्ह लोकांचा पाठपुरावा करून १९५५ मध्ये दाखवलं की त्यांतल्या काहींना पुढे ल्यूपस होतो. त्याआधी किती बायकांना नवऱ्यासमोर, सासूसमोर या कागदाचा जाब द्यावा लागला असेल, याची मोजदाद कुठल्याच नियतकालिकात नाही. आज तो डाग नाही. पण आपाच्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरत होतं, तेव्हा ‘रक्तात काहीतरी निघालंय’ हे बाहेर बोलू नका, असा निरोप आला होताच. खानदानाचं नाव मध्ये येतं.

१९४८ मध्ये मेयो क्लिनिकच्या हारग्रेव्हज यांना अस्थिमज्जेच्या नमुन्यात एक विचित्र पेशी दिसली. तिनं दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळलेलं होतं. तिला ‘एलई पेशी’ म्हटलं गेलं आणि पहिल्यांदा ल्यूपसची खूण सूक्ष्मदर्शकाखाली सापडली. १९५७ मध्ये फ्रिऊ यांनी चमकत्या रंगांच्या साहाय्यानं केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं दाखवली. तीच आजची एएनए चाचणी. आता ती पुण्यातल्या कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये होते. आणि खरी पंचाईत इथंच सुरू होते.

आपाची एएनए पॉझिटिव्ह आली, त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. गूगलवर जे वाचायचं ते सगळ्यांनी वाचलं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी फार उशिरा वाचला. त्यात धडधाकट लोकांचं रक्त तपासलं होतं. रक्त ४० पट पातळ केलं तरी सुमारे ३२ टक्के लोकांत चाचणी पॉझिटिव्ह. ८० पट केलं तर १३ टक्के. ३२० पट केलं तरी ३ टक्के. म्हणजे तीन निरोगी माणसांपैकी जवळपास एकाच्या रक्तात या आजाराची सावली सापडू शकते. ल्यूपस असेल तर ही चाचणी जवळजवळ नेहमी पॉझिटिव्ह येते. पण पॉझिटिव्ह आली म्हणून ल्यूपस असतोच असं नाही. हे एक वाक्य रिपोर्टच्या तळाशी छापलं असतं तर त्या रात्रीची भाजी वाया गेली नसती.

मग ठरवायचं कसं? १९७१ पासून तज्ज्ञांनी निकषांच्या याद्या केल्या. १९८२, १९९७, २०१२ मध्ये बदलल्या. ताजी यादी २०१९ ची. एएनए १:८० किंवा त्याहून वर असेल तरच दार उघडतं, मग लक्षणांना गुण. सांध्यांना ६, तापाला २, तोंडातल्या फोडांना २, केस गळण्याला २. पण फोड आणि केस एकाच गटातले, म्हणून दोन्ही मिळून २च. मूत्रपिंडाच्या तुकड्यात ठरावीक प्रकारची इजा दिसली तर एकदम १०. एकूण १० झाले की ल्यूपस या वर्गात टाकायचं. या याद्या मुळात संशोधनासाठी आहेत, दवाखान्यातल्या निदानासाठी नाहीत, हे त्यांचे कर्तेच सांगतात.

आपाचा हिशेब आम्ही किचनच्या ओट्यावर मांडला. सांधे ६, फोड २, ताप २. झाले दहा! डॉक्टरांनी शांतपणे यादीतली पुढची अट दाखवली. एखाद्या लक्षणाला दुसरं अधिक पटणारं कारण असेल तर ते धरायचं नाही. आणि पुण्यात दुसरं कारण दारातच उभं होतं. चिकुनगुन्या.

या तापाचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. टांझानियात तो १९५२-५३ मध्ये ओळखला गेला. नावाचा अर्थच वाकवून टाकणारा. भारतात १९६३ मध्ये कोलकात्यात आला, १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत साथ झाली, मग जवळपास तीस वर्षं गप्प. २००६ मध्ये त्यानं गावंच्या गावं आडवी केली. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात पुन्हा उसळला. त्याच पावसाळ्यात आपाला १०२ ताप आला होता. गल्लीत घरोघरी ताप, चाचणी कोण करणार? चिकुनगुन्यानंतर सांधे कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक सुजलेले राहतात. हुबेहूब संधिवातासारखे. म्हणजे ताप आणि सांधे ल्यूपसच्या खात्यावर टाकले तर दहा गुण, चिकुनगुन्याच्या खात्यावर टाकले तर उरतात दोन. आता चाचणी करून पाहावी, तर जुन्या संसर्गाची प्रतिपिंडं वर्षानुवर्षं रक्तात राहतात. २००६ मध्येही आमचं सगळं घर तापानं फणफणलं होतं. तेव्हाही कुणी तपासलं नव्हतं.

पुण्यात या विषयावर काम झालेलं नाही असं नाही. सेंटर फॉर रुमॅटिक डिसीजेसच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये सांधेदुखीची पाहणी केली. आरोग्यसेवक घरोघर गेले. माणसाचं चित्र समोर ठेवून ‘कुठं दुखतं, दाखवा’ असं विचारलं. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांनी कुठं ना कुठं बोट ठेवलं. आता याशेजारी दुसरा आकडा ठेवा. डॉ. मालवीय आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दिल्लीजवळच्या पाहणीतून काढलेलं ल्यूपसचं प्रमाण लाखामागे सुमारे ३. म्हणजे भिगवणएवढ्या गावात एकही रुग्ण न सापडण्याचीच शक्यता जास्त. सांधे दुखणाऱ्यांच्या एवढ्या गर्दीत पेठेतल्या डॉक्टरला ही एक बाई दिसायची कशी? आपाला पहिल्या सात महिन्यांत वाताची गोळी, कॅल्शियम, आणि ‘टेन्शन घेऊ नका’ मिळालं. शेवटचं औषध सगळ्यांनीच दिलं, फी घेऊन.

तिला सध्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे. नाव पक्कं नसताना औषध कसं, हा प्रश्न अम्मीनं विचारलाच. हे मलेरियाच्या औषधांच्या घराण्यातलं. १८९४ मध्ये लंडनच्या पेन यांनी ल्यूपसला क्विनाइन देऊन पाहिलं होतं. १९५१ मध्ये पेज यांनी महायुद्धात सैनिकांना दिल्या जाणाऱ्या मेपाक्रिनचा गुण दाखवला. त्यातून आपण या गोळीपर्यंत आलो. निदान अर्धवट असतानाही डॉक्टर ती देतात, कारण सांध्यांना आराम पडतो आणि धोका तुलनेनं कमी. डोळे मात्र ठरलेल्या वेळी तपासून घ्यावे लागतात. मार्च २०२० मध्ये हीच गोळी कोरोनावर चालेल म्हणून गाजली, सरकारनं निर्यात रोखली, ती कडक चिठ्ठीच्या यादीत टाकली, आणि ज्यांचं आयुष्य तिच्यावर चालतं त्यांना दुकानं पालथी घालावी लागली. कोरोनावर तिचा उपयोग नाही, हे नंतर सिद्ध झालं.

१९५० च्या दशकात ल्यूपसचं निदान झालेल्यांपैकी जवळपास निम्मेच चार-पाच वर्षं जगत. आज नव्वद टक्क्यांहून अधिक जगतात. एक कारण औषधं. दुसरं कारण मला महत्त्वाचं वाटतं. तेव्हा फक्त मरणाच्या दारातले रुग्णच ओळखू यायचे. चाचण्या आल्या तशी सौम्य माणसंही मोजली जाऊ लागली. आपासारखी, अधल्यामधली. अशांपैकी काहींचा आजार पुढे पक्का होतो, पुष्कळांचा वर्षानुवर्षं तिथंच थांबतो, काहींचा विरून जातो. प्रश्नचिन्ह ही डॉक्टरची पळवाट असू शकते, आम्ही तीही पाहिली. पण दर तीन महिन्यांनी लघवीतलं प्रथिन तपासणाऱ्या डॉक्टरनं लिहिलेलं प्रश्नचिन्ह वेगळं असतं. मूत्रपिंडाची इजा दुखत नाही. ती लघवीतच आधी दिसते.

रमजानच्या आधी आपानं डॉक्टरांना रोज्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, गोळी सहरीला घेता येईल, पण आधी लघवीचा रिपोर्ट आणा. रिपोर्ट स्वच्छ आला. तिनं पंधरा रोजे ठेवले. सोळाव्या दिवशी बोटं सुजली आणि बाकीचे कजा म्हणून ठेवून दिले. आता तिनं एक चाळीस पानी वही केली आहे. तारीख, ताप किती, कुठला सांधा, सकाळी बोटं मोकळी व्हायला किती मिनिटं लागली, ऊन लागलं का. गालांवर काही दिसलं की मुलगा मोबाइलवर फोटो काढतो. पुढची तारीख येत्या मंगळवारी आहे.