कवळीवरून राजीनामा : लंडनमध्ये दातांचा खर्च कोणी सोसायचा?

#थ्रेड #इतिहास

एप्रिल १९५१. ब्रिटनच्या मजूर पक्षीय सरकारमधून तिघे जण बाहेर पडले. अन्युरिन बेव्हन, हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन. यांपैकी विल्सन पुढे पंतप्रधान झाले. राजीनाम्यांमागे कोरियन युद्धासाठी चाललेल्या शस्त्रसज्जतेचा वाद होता. पण ठिणगी पडली ती दातांच्या कवळीवरून आणि चष्म्यावरून. एका कवळीने सरकार का हादरावे, हे समजण्यासाठी लंडनच्या दातांचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

अठराव्या शतकातील लंडनमध्ये दात दुखू लागला तर सामान्य माणूस न्हाव्याकडे, लोहाराकडे किंवा जत्रेतल्या दात उपटणाऱ्याकडे जाई. 'डेंटिस्ट' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो त्या शतकाच्या मध्याला. पॅरिसच्या पिएर फोशारचा दंतवैद्यकावरील ग्रंथ १७२८ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि लंडनचे श्रीमंतही आता दात केवळ उपटणाऱ्यापेक्षा ते राखणाऱ्याच्या शोधात होते.

राखता आला नाही, तर विकत घेता येई. प्रसिद्ध शल्यविशारद जॉन हंटर यांनी दुसऱ्याचा ताजा दात काढून आपल्या हिरडीत बसवण्याच्या प्रयोगांना शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. १७८७ मध्ये थॉमस रोलंडसन या व्यंगचित्रकाराने नेमका हाच प्रकार रेखाटला. चित्रात धुराडी साफ करणाऱ्या गरीब पोराचा दात उपटला जात आहे आणि शेजारी नटूनथटून बसलेली बाई त्या दाताची वाट पाहते आहे. दारावर पाटी आहे : जिवंत दातांना उत्तम भाव मिळेल. असा परका दात काही काळ टिके आणि मग गळून पडे. पोराचा दात मात्र कायमचा गेलेला असे.

मृतांचे दातही बाजारात येत. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर रणांगणावरील सैनिकांचे दात उपटून विकले गेले. पाणघोड्याच्या दातापासून कोरलेल्या कवळीत ते बसवले जात. अशा दातांना 'वॉटर्लू दात' हेच नाव पडले. तरुण आणि धडधाकट माणसांचे दात म्हणून त्यांना गिऱ्हाईक अधिक! पुढे क्लॉडियस ॲश यांच्यासारख्या लंडनच्या कारागिरांनी चिनी मातीचे दात बनवायला घेतले, तेव्हा हा व्यापार हळूहळू ओसरला.

दरम्यान साखर स्वस्त होत होती. १८७४ मध्ये ब्रिटनने साखरेवरील आयात कर पूर्णपणे उठवला. एकेकाळी श्रीमंतांचे दात किडवणारी साखर आता चहातून आणि मुरंब्यातून कामगारांच्या घरी रोज पोहोचू लागली. किडलेले दात सर्वांचे झाले. उपचार मात्र मूठभरांचेच राहिले. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही आपली म्हण लंडनच्या ईस्ट एंडमधील मजुराला नक्की पटली असती.

गरिबाला दोन वाटा होत्या. पहिली धर्मादाय रुग्णालयाची. १८५८ मध्ये सोहो स्क्वेअर येथे लंडनचे दंत रुग्णालय उघडले, आणि १८७४ मध्येच, म्हणजे साखर करमुक्त झाली त्याच वर्षी, ते लेस्टर स्क्वेअरला हलले. दुसरी वाट स्वस्तातल्या, बिगरनोंदणीच्या माणसाची. १८७८ च्या कायद्याने 'दंतवैद्य' ही पदवी नोंदणीकृत लोकांपुरती राखून ठेवली, पण धंद्यावर बंदी घातली नाही. पाटीवर तो शब्द न लिहिता कोणीही दुकान थाटून दात उपटू शकत असे. ही पळवाट बंद व्हायला १९२१ चा कायदा यावा लागला. तेव्हाही पुरेसा अनुभव असलेल्या जुन्या मंडळींना नोंदवहीत सामावून घेतले गेले, कारण त्यांना हाकलले असते तर गरीब वस्त्यांत दात पाहायला उरले असते कोण?

१९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने कामगाराला डॉक्टर मिळाला; दंतवैद्य मिळाला नाही. ज्या विमा संस्थांकडे शिल्लक उरे, त्या दातांच्या खर्चाचा काही भाग 'अतिरिक्त लाभ' म्हणून उचलत. उरलेला भाग कामगाराने स्वतः भरायचा. त्याची बायको आणि मुले तर या विम्यात नव्हतीच.

अशा परिस्थितीत अनेक कुटुंबांनी एक हिशेब मांडला. आयुष्यभर एकेक दात भरत बसण्यापेक्षा सगळे एकदाच काढून कवळी बसवलेली स्वस्त. लग्नाच्या आधी किंवा एकविसाव्या वाढदिवसाला तरुण मुलीचे सारे दात काढून तिला कवळीची 'भेट' देण्याची चाल ब्रिटनच्या अनेक भागांत होती. आज वाचताना अंगावर काटा येतो; पण होणाऱ्या नवऱ्याच्या खिशावर पुढे भार नको, हा विचार त्या घरांत प्रेमाचाच मानला जाई.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तपासणी, दात भरणे, कवळी, सारे मोफत. आरोग्यमंत्री होते बेव्हन, वेल्सच्या कोळसा खाणीत उमेदवारी केलेले. दंतवैद्यांची संघटना प्रथम विरोधात होती, पण दर कामागणिक मोबदला मिळत असल्याने काही महिन्यांत बहुसंख्य दंतवैद्य सेवेत आले. रुग्णांची रीघ लागली. वर्षानुवर्षे बोळक्या तोंडाने जगलेली माणसे कवळी मागायला आली. खर्चाचे सारे अंदाज कोलमडले आणि १९४९ मध्येच दंतवैद्यांच्या दरात कपात करावी लागली. टीकाकारांनी याला उधळपट्टी म्हटले. खरे तर ती कित्येक दशकांची थकबाकी होती.

मग कोरियन युद्ध आले. शस्त्रसज्जतेसाठी तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांचा आराखडा ठरला. अर्थमंत्री ह्यू गेटस्केल यांनी १० एप्रिल १९५१ च्या अर्थसंकल्पात कवळी आणि चष्म्याचा निम्मा खर्च रुग्णावर टाकला. त्यातून त्या वर्षी वाचणार होते अवघे १.३ कोटी पौंड. बेव्हन तेव्हा कामगारमंत्री होते. अर्थसंकल्पाच्या आठवडाभर आधीच लंडनमधील बरमंडसी येथे त्यांनी जाहीर केले होते, की रुग्णाकडून पैसे घेणाऱ्या सरकारात आपण राहणार नाही. पंतप्रधान ॲटली त्या दिवसांत अल्सरने रुग्णालयात होते. समेट झाला नाही. बेव्हन यांनी शब्द पाळला.

बेव्हन यांचा मुद्दा रकमेचा नव्हता. एकदा गल्ला ठेवला की तो वाढतच जाणार, अशी त्यांची भीती होती. पुढल्याच वर्षी हुजूर पक्षाच्या सरकारने दातांच्या उपचाराला सरसकट १ पौंड लावला. २१ वर्षांखालील तरुण, गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या बाळांच्या माता यांना त्यातून वगळले. तपासणी तेवढी मोफत उरली; १९८९ पासून तिलाही पैसे पडू लागले.

१९६८ च्या पाहणीत इंग्लंड आणि वेल्समधील ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. २००६ मध्ये इंग्लंडमध्ये शुल्काचे तीन टप्पे ठरले, आणि रुग्णाचे नाव एखाद्या दंतवैद्याकडे कायम नोंदवून ठेवण्याची पद्धत त्याच वर्षी संपली.